कोविड वॉर्डातून घरी आलो, पण अंग अजून तिथंच आहे : एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या एका गावचे हे गृहस्थ बेळगावला उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला आहेत. मे २०२१ मध्ये ते आणि त्यांचे वडील एकाच दवाखान्यात, वेगवेगळ्या वॉर्डांत होते. शेजारच्या कॉटवरची माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. वडीलही गेले, पण मुलाच्या तब्येतीवर परिणाम नको म्हणून घरच्यांनी ते डिस्चार्ज होईपर्यंत लपवून ठेवलं. आईला शेवटचं तोंड पाहायला मिळालं नाही. आज चार वर्षं उलटली तरी यांना मध्यरात्री धाप लागून जाग येते, अॅम्ब्युलन्सचा आवाज आला की तळहातांना घाम फुटतो, त्या दवाखान्याच्या रस्त्याने ते जातच नाहीत, मुलांवर विनाकारण आवाज चढतो. खिशात ऑक्सिमीटर असतो. आजार कारखान्यातून आपणच घरी आणला, असं त्यांना वाटतं. वॉर्डात एका रात्री वडील कॉटजवळ येऊन उभे राहिलेले त्यांना दिसले होते, ते खरं की भास हे कुणाला विचारायचं धाडस झालेलं नाही. आई वडिलांचा मोबाईल रोज चार्जिंगला लावते आणि त्यावर एक शब्द बोलत नाही. "बायको तेवढी धीराची, तिने सगळं निभावलं," असं एक वाक्य शेवटी आहे. विचारतात : मी मनाने कमकुवत आहे का? हे जाणार कधी? गोळी घ्यावी का? आणि आईचं काय करू?

कमकुवत असण्याचा इथे काही संबंध नाही, हे सगळ्यांत आधी. तुम्ही जे लिहिलंय त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे. १९८० पासून ते मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात आहे आणि त्यावर चालणारे उपचारही आहेत. पुस्तकी मराठीत आघातोत्तर ताण म्हणतात, दवाखान्यात सगळे पीटीएसडी म्हणतात. निदान समोर बसल्याशिवाय करू नये आणि मी ते करत नाही. पण आम्ही मानसोपचार करणारे ज्या गोष्टी बघतो त्या साधारण अशा : घडलेलं पुन्हा पुन्हा अंगावर येणं, त्याची आठवण देणाऱ्या जागा नि माणसं टाळत राहणं, मनात अपराधीपणा नाहीतर कडवटपणा साचणं, आणि अंग सतत सावध, ताणलेलं असणं. हे महिन्यापेक्षा जास्त टिकलं आणि रोजच्या जगण्याच्या आड आलं तर उपचार घ्यायला हवेत. तुमच्या लिहिण्यात यांतलं सगळं आहे.

मात्र महामारीत ज्याला ज्याला त्रास झाला त्या प्रत्येकाला हे निदान चिकटवायच्या मी विरोधात आहे. बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या विणकरांकडे बघा. २५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाउन लागला, लग्नसराई बुडाली, विणलेल्या साड्या घरातच पडून राहिल्या, पुढच्या वर्षी तेच. कुणी यंत्रमाग विकले, कुणी दुसऱ्याकडे मजुरीला गेले. अशा माणसाला झोप लागत नसेल तर तिचं कारण कर्जाच्या हप्त्यात आहे. त्याला ध्यान शिकवून पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला मुदत वाढवून हवी, काम हवं. निपाणीच्या विडी कामगार बायकांचंही तेच. तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमचा श्वास खरोखर कोंडला होता आणि मरण तुमच्या शेजारच्या कॉटवर येऊन गेलं होतं.

आता, इतक्या वर्षांनी हे का? जीव धोक्यात असतो तेव्हा मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटासा भाग कारभार हातात घेतो. छाती धडधडते, श्वास भरभर चालतो, स्नायू आवळतात. घडलेल्या गोष्टीला जागा आणि वेळ जोडून ती 'झालेली गोष्ट' म्हणून ठेवण्याचं काम हिप्पोकॅम्पसचं. एवढ्या ताणात ते काम विस्कटतं. म्हणून त्या रात्रींची आठवण तुमच्याकडे तारखेशिवाय पडून आहे. सायरन वाजला, फिनेलचा वास आला, कुणी जोरात खोकलं, की शरीराच्या हिशेबी मे २०२१ आत्ता चालू असतो. त्यात टाळण्याची भर पडते. तो रस्ता सोडून तुम्ही दुसरीकडून वळता तेव्हा क्षणभर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यातून मेंदू एवढंच शिकतो की रस्ता धोक्याचाच होता, वळलो म्हणून वाचलो. चार वर्षं तुम्ही त्याला रोज हाच धडा देत आलाय. नुसते दिवस गेल्याने पुष्कळ लोक बरे होतात हे खरं, बहुसंख्य होतातच. पण ज्यांचं टाळणं घट्ट झालं त्यांचा त्रास दिवसांनी कमी होत नाही. 'जाऊ दे, विसर आता' हा सल्ला देणारे प्रेमानेच देतात, तरी तो या आजारात उलटा पडतो.

वडील दिसले, त्याबद्दल. हे तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. रक्तातला ऑक्सिजन कमी, ताप, स्टेरॉइडची इंजेक्शनं, दिवस-रात्र दिवे चालू, झोपेचे तुकडे, आजूबाजूला पीपीई किटातली चेहरा नसलेली माणसं. एवढं एकत्र आलं की मेंदू गोंधळतो. त्याला डिलिरियम म्हणतात. अतिदक्षता विभागात तो इतका सर्रास असतो की आम्ही तो शोधायलाच जातो. कुणाला भिंतीवर पाणी वाहताना दिसतं, कुणाला वाटतं नर्स आपल्याला मारायला आलीय, कुणाला घरचं माणूस दिसतं. यात वेड लागल्याचं लक्षण काही नाही आणि पुढे वेड लागेल असाही याचा अर्थ नाही. वॉर्डातून आलेल्या कितीतरी लोकांना अशी अर्धवट, खोट्या-खऱ्याची सरमिसळ झालेली चित्रं छळतात, कारण ती पडताळून घ्यायला कुणी भेटत नाही. तुमचं डिस्चार्ज कार्ड काढा, तारखा बघा, त्या दिवशी ऑक्सिजन किती होता, कोणती औषधं चालू होती हे डॉक्टरांकडून समजून घ्या. चित्राला तारीख लागली की त्याची भीती बरीच उतरते. आणि वडील निरोप घ्यायला आले होते असं तुमच्या मनात असेल, तर ते काढून घ्यायचा माझा हेतू नाही. मेंदूने ते कसं दाखवलं एवढंच मी सांगितलं, त्याचा अर्थ तुमच्यापाशी राहू दे.

उपचाराकडे वळण्याआधी एकदा शरीराची तपासणी करून घ्या. धाप आणि धडधड मनामुळेच असते असं धरून चालू नका. छातीचा एक्स-रे, ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर. स्टेरॉइड घेतलेल्यांची साखर वाढलेली मी पुष्कळदा बघितली आहे. झोपेत घोरत असाल, सकाळी डोकं जड राहत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, झोपेत श्वास अडकण्याचा वेगळा आजार असतो. सगळं ठीक निघालं तर तेवढ्यावर थांबा. तीच तपासणी तीन ठिकाणी करून घेणं हा पुन्हा भीतीचाच एक खेळ होतो.

धापेबद्दल एक गोष्ट सांगते, ती सहसा कुणी सांगत नाही. ज्यांचा श्वास खरोखर कोंडला होता, ज्यांच्या तोंडावर बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा, घट्ट मास्क बांधला होता, त्यांना पहिल्याच दिवशी 'डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या' असं सांगितलं तर पुष्कळांची घबराट वाढते. प्राणायाम करायला गेलो आणि जास्तच त्रास झाला, असं म्हणत लोक येतात, आणि आपलंच काहीतरी चुकलं असं धरून बसतात. तुम्ही सुरुवात पायांपासून करा. रात्री जाग आली की उठून बसा, दोन्ही तळवे फरशीवर टेका, फरशीचा गारवा जाणवू द्या. दिवा लावा. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. तारीख आणि गावाचं नाव मोठ्याने उच्चारा. पाण्याचे दोन घोट. एवढ्याने धाप ओसरायला लागते, आणि मग श्वास हळूहळू सोडणं जमतं. सोडायचा श्वास घेतल्या श्वासापेक्षा लांब हवा, कारण श्वास सोडताना हृदयाचा वेग उतरतो.

लांब श्वास सोडण्याचा आपल्याकडचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे गाणं. तुमच्या भागात गावोगावी भजनी मंडळं आहेत. अभंगाची ओळ शेवटपर्यंत ओढताना माणूस नकळत आठ-दहा सेकंद श्वास सोडत राहतो. टाळाचा ठेका असतो, शेजारी माणूस असतो, आणि श्वासाकडे बघत बसावं लागत नाही. वारकरी नसाल तरी चालेल. मागच्या ओळीत बसून धृपद म्हटलं तरी पुरे. माझ्याकडच्या काही लोकांना श्वासाच्या कोणत्याही व्यायामापेक्षा याचा उपयोग लवकर झाला. यात भक्तीचा भाग किती नि श्वासाचा किती, हे वेगळं काढायची मला गरज वाटत नाही.

ऑक्सिमीटर खिशातून काढायचा, पण एकदम नाही. आज दिवसातून किती वेळा बोट घालता ते प्रामाणिकपणे लिहून काढा. पुढच्या आठवड्यात वेळ ठरवा, सकाळी एकदा, रात्री एकदा. मधे इच्छा झाली की दहा मिनिटं थांबायचं. ती इच्छा चढते, टोकाला जाते आणि उतरते, हे तुम्हाला स्वतःला अनुभवायला हवं. त्यानंतर फक्त सकाळी. मग यंत्र घरी ठेवून कामावर जायचं.

रस्त्याचंही तसंच. आधी मनात तो रस्ता चालून बघा. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी, गर्दी नसताना, बायकोला किंवा मित्राला बरोबर घेऊन रस्त्याच्या तोंडाशी जा आणि उभे राहा. धडधडलं की लगेच पळायचं नाही, धडधड निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. अर्धा तास लागेल, कधी जास्त. तेच तीन-चार वेळा, भीती कंटाळ्यावर येईपर्यंत. मग गेटपर्यंत. मग आत, चौकशीच्या खिडकीपर्यंत. पायऱ्या तुम्ही ठरवा, पण पायरी गाळू नका आणि अर्ध्यातून माघारी वळू नका, कारण अर्ध्यातून वळलात तर भीती जास्त पक्की होते. रात्रीची झोप पुरती उडाली असेल, किंवा असं काही करताना आपण त्या क्षणात पुरते हरवतो असा अनुभव असेल, तर हे एकट्याने करू नका.

प्रशिक्षित मानसतज्ज्ञाकडे यालाच शिस्तीचं रूप दिलेलं असतं. आघातावर केंद्रित बोधात्मक-वर्तनात्मक उपचार (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा), दीर्घ सामना उपचार, आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेला ईएमडीआर, या तिन्हींना चांगला पुरावा आहे. साधारण ८ ते १५ बैठका लागतात, आठवड्याला एक. दीर्घ सामन्यात तुम्ही पहिल्या तापापासून डिस्चार्जपर्यंतची हकीगत क्रमाने, वर्तमानकाळात सांगता. 'मी आडवा आहे, मास्क लावलाय, समोरच्या कॉटभोवती पडदा ओढतायत.' ती ध्वनिमुद्रित होते, घरी जाऊन ऐकायची, पुढच्या वेळी पुन्हा सांगायची. पहिल्या दोन-तीन वेळा त्रास वाढल्यासारखा वाटतो आणि नेमके तिथेच लोक सोडून जातात. तेवढा टप्पा ओलांडा. पाचव्या-सहाव्या वेळी माणूस स्वतःच म्हणतो, "अहो, मधे एक नर्स होती, तिने माझा हात धरला होता, हे मी विसरलोच होतो." आठवणीत भीतीच्या पलीकडचे तपशील परत यायला लागले की समजावं, ती जुनी व्हायला लागली आहे.

वाईट स्वप्नांसाठी वेगळा उपाय आहे. दिवसा, जागेपणी, तेच स्वप्न कागदावर लिहायचं आणि त्याचा शेवट तुम्हाला हवा तसा बदलायचा. मग नवं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांसमोर आणायचं. ऐकायला पोरकट वाटेल, पण याने स्वप्नं विरळ होतात.

गोळी घ्यावी का? गरज असेल तर जरूर घ्यावी, आणि तिची लाज बाळगू नये. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन या गटातल्या गोळ्या पीटीएसडीवर दिल्या जातात. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ किंवा अस्वस्थता होऊ शकते, आणि बरं वाटल्यावर मनाने बंद करायच्या नाहीत. मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोळ्यांची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही नावं आता घराघरांत माहीत झाली आहेत. कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर आणायच्या आणि वर्षानुवर्षं घ्यायच्या. त्या रात्रीपुरती झोप लागते, पण आघातातून बाहेर यायला त्यांची मदत होत नाही, उलट सवय लागते. चालू असतील तर एकदम तोडू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवा. दारूबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही. घेत नसाल तर उत्तम. घेत असाल तर पहिल्या भेटीतच सांगा. झोपेसाठी म्हणून रोज रात्री थोडी घेणारे पुरुष कोविडनंतर मी खूप बघितले, आणि घरातली भांडणं नेमकी तिथून पेटतात.

आजार मीच आणला, हे वाक्य. तुम्ही ते चार वर्षं आतल्या आत म्हणताय, म्हणून त्याची नीट उलटतपासणी करूया. ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली १ एप्रिल २०२१ ला. १८ ते ४४ वयाच्यांना १ मे पासून म्हणाले, आणि तेव्हा लस मिळतच नव्हती. दुसऱ्या लाटेतला डेल्टा हा विषाणूचा नवा प्रकार आधीच्या विषाणूपेक्षा बराच वेगाने पसरत होता, लक्षणं दिसायच्या आधीच माणूस दुसऱ्याला देत होता. कारखाना चालू होता, हजेरी बुडाली तर पगार कापला जाणार होता. यातली कोणती गोष्ट तुमच्या हातात होती? कागदाच्या एका बाजूला 'तेव्हा मला काय माहीत होतं' आणि दुसऱ्या बाजूला 'आज मला काय माहीत आहे' असं लिहून बघा. आजच्या माहितीवर तुम्ही तेव्हाच्या स्वतःला शिक्षा देताय, हे तुमच्याच अक्षरात दिसेल. सरकारी भरपाईचे ५० हजार रुपये घेतल्याची बोचही अनेकांना असते, बापाच्या मरणाचे पैसे घेतले म्हणून. तो मेलेल्या माणसाच्या कुटुंबाचा हक्क होता. एवढं पुरेसं आहे.

गावाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण मी विचारणार आहे. घराला सीलडाउनची पट्टी लागल्यावर, बांबू आडवे बांधल्यावर, दूध कुणी ठेवलं आणि कुणी पाठ फिरवली, हे लोकांना आजही पाठ आहे. मुंबई-पुण्याहून, गोव्याहून परतलेल्यांना हातावर शिक्का मारून शाळेत ठेवलं, तेव्हा वेशीवर काय बोललं गेलं तेही. सीमेवरच्या घरांना आणखी एक चटका बसला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआर या कोविड तपासणीचा कागद, शिनोळी-बाचीच्या बाजूला अडवणूक, कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलचा पास. एरवी चंदगड, आजरा, गडहिंग्लज म्हणजे आपल्याला परराज्य वाटतच नाही, अर्ध्या सोयरिकी तिकडच्या. त्या वर्षी लेक बापाच्या मातीला पोचली नाही, बहीण भावाला भेटली नाही. हा राग खरा आहे आणि तो बोलायला जागा हवी. भाऊबंदांना माफ करा असं मी सांगत नाही, माफी ही उपचाराची अट नाही. पण राग कुणावर आहे हे नेमकं कळलं तर तो मुलांवर निघत नाही.

आता आई. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तुमचं स्वतःचं बरं होणंही याला बांधलेलं आहे.

मोबाईल चार्जिंगला लावण्यात काही वेडेपणा नाही. तो हिसकावून घेऊ नका, लपवू नका, नंबर बंद करू नका. "घरातून चालत गेले आणि परत आलेच नाहीत, अजून दवाखान्यातच हायत असं वाटतंय," असं आमच्याकडे येणाऱ्या बायका सांगतात. मेलेल्या माणसाचं तोंड पाहणं, अंघोळ घालणं, पाणी पाजणं, खांदा देणं, राख सावडणं, ही मरण मनाला पटवून द्यायची कामं आहेत. शेकडो वर्षं माणसांनी ती उगाच केली नाहीत. कोविडमध्ये ती सगळी किटातल्या अनोळखी माणसांनी उरकली आणि घरच्यांना लांब उभं केलं. मुसलमान घरांत मय्यतीला गुस्ल देता आला नाही, ख्रिस्ती घरांत शवपेटी उघडता आली नाही. बेळगावचे खासदार आणि केंद्रीय रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० ला दिल्लीत कोविडने गेले, त्यांचा अंत्यविधीही तिकडेच झाला. मंत्र्याच्या गावालासुद्धा अंत्यदर्शन मिळालं नाही. हे तुमच्या आईला जरूर सांगा, कारण आपणच काहीतरी कमी पडलो, आपणच नीट धावपळ केली नाही, असं त्यांच्या मनात असण्याची शक्यता मोठी आहे.

सहा महिन्यांहून अधिक काळ दुःख तितकंच तीव्र राहिलं, गेलेल्याची आस सुटेना, रोजचं जगणं थांबलं, तर त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात प्रदीर्घ शोक असं वेगळं निदान आहे. ते आईंना लागू पडतं की नाही, हे भेटल्याशिवाय सांगता येणार नाही. त्या जेवतात का, शेजारी जातात का, देवळात जातात का, 'मला पण घेऊन जा' असं म्हणतात का, हे मला सांगा. यांतलं शेवटचं असेल तर थांबू नका, लगेच घेऊन या.

तुमच्या घरात काय झालंय ते मला असं दिसतं. वडिलांच्या शेवटच्या दिवसांतलं दवाखान्यातलं तुम्हाला माहीत आहे, घरातलं आणि स्मशानातलं आईला माहीत आहे. तुम्हाला त्रास होईल म्हणून त्या बोलत नाहीत, त्यांना त्रास होईल म्हणून तुम्ही बोलत नाही. बातमी तुमच्यापासून लपवली तिथून ही सवय लागली. त्यामुळे वडील कसे गेले याची पूर्ण हकीगत घरात कुणापाशीच नाही. ती दोघांनी मिळून जोडायला हवी. एखाद्या दुपारी, चहा झाल्यावर, बाकी कुणी नसताना, तुम्ही सुरुवात करा. 'आई, मला ते गेल्याचं कधी कळलं ते तुला ठाऊक आहे ना? त्या दिवशी घरात काय काय झालं ते मला कुणी सांगितलंच नाही. तू सांग.' सांत्वन करायला जाऊ नका, काय घडलं ते विचारा. फोन कुणाचा आला, कोण कोण गेलं, राख कुणी आणली, कुठे सोडली. मग तुमच्या बाजूचं सांगा. एका बैठकीत होणार नाही. रडू येईल, येऊ द्या.

आणि मग जे राहिलं ते करा. मी हे अनेक घरांना सांगत आले आहे आणि इथेही ठामपणे सांगते : उशिरा केलेलं कार्यही कार्यच असतं. दहावा-तेरावा तेव्हा चार माणसांत उरकला असेल किंवा झालाच नसेल. येत्या तिथीला किंवा सर्वपित्री अमावास्येला घरच्यांना, पलीकडच्या सोयऱ्यांना, वडिलांच्या मित्रांना रीतसर बोलवा. खानापूरच्या घाटावर नाहीतर कणकुंबीला, मलप्रभेवर जा. विधी कोणते करायचे ते तुमच्या घरची रीत ठरवेल, मी त्यात पडत नाही. मला त्यातल्या तीन गोष्टी हव्या आहेत. आईंच्या हाताने काहीतरी व्हावं, नुसतं बसवून ठेवू नये. वडिलांना ओळखणाऱ्या माणसांनी त्यांच्याबद्दल मोठ्याने बोलावं, शेतातलं, बैलांचं, भांडणांचं, सगळं. आणि लोकांनी पोटभर जेवून जावं, कारण त्या वर्षी आईंच्या दारात कुणी जेवायला बसलंच नव्हतं. साथ आली की गावाने मिळून देवीचे वार पाळायचे, ही आपल्याकडच्या गावांची रीत आहे. भीती सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची सोय त्यात आहे, आणि शोकालाही तीच सोय लागते. मोबाईलचं काय करायचं ते यानंतर आई स्वतः ठरवतील. त्यातले फोटो आणि आवाज आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. फोन बंद पडला आणि आवाज गेला, तर त्यांना तो दुसरा मृत्यू वाटेल.

बायकोबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत. नवरा आणि सासरे दवाखान्यात, घराला पट्टी, पदरात मुलं, सासूला सांभाळायचं, सासऱ्यांची बातमी आली ती पोटात ठेवून नवऱ्याशी फोनवर नेहमीच्या आवाजात बोलायचं. हे तिने किती दिवस केलं असेल? निभावणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी त्याचं अंग दुखायला लागतं, डोकं धरतं, मासिक पाळी बिघडते, तेव्हाही कारण भलतीकडेच शोधलं जातं. आशा कार्यकर्त्यांचंही तेच झालं, दारोदार जाऊन बोलणी खाल्ली आणि नंतर कुणी विचारपूस केली नाही. तिला विचारा, तेव्हा तुला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटली होती? उत्तर देईपर्यंत मधे बोलू नका. मुलांनाही सांगा, त्यांना समजेल अशा शब्दांत : पप्पांना तेव्हा खूप भीती वाटली होती, ती अजून कधी कधी येते, मग आवाज चढतो, त्यात तुमची चूक नाही, आणि पप्पा त्यावर औषधोपचार घेतायत.

कुठे जायचं. बेळगावात सरकारी आणि खासगी दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तालुका रुग्णालयातही ठरावीक दिवशी मानसोपचाराची सोय असते, खानापूरच्या सरकारी दवाखान्यात दिवस विचारून घ्या. धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था आहे, तिथे मानसोपचाराचे सगळे विभाग एका छताखाली मिळतात. तुम्ही अजून त्या रस्त्याने जाऊ शकत नाही, म्हणून सुरुवात फोनवरून करायची असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला तो सुरू झाला, फोन फुकट असतो, दिवस-रात्र चालू असतो आणि भाषा निवडता येते. आईंसाठी मराठी बोलणारा तज्ज्ञच मागा. कन्नड तुम्हाला कारखान्यात रोज बोलावं लागत असेल, आईंना ते बाजारापुरतं येत असेल, आणि नवऱ्याच्या मरणाबद्दल दुभाष्यामार्फत बोलायला लावणं बरं नाही. ते मागायला संकोच करू नका.

पहिल्या भेटीला येताना डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं आणि कारखान्यातली एक दिवसाची रजा एवढं घेऊन या. घाईत यायचं ठिकाण हे नव्हे. आईंना आणणार असाल तर 'तुला दाखवायला नेतो' म्हणू नका, त्या येणार नाहीत. 'मला जायचंय, बरोबर चल' म्हणा. आल्यावर त्यांना बाहेर बाकावर बसू द्या. आत यायचं की नाही, ते त्या ठरवतील.